चाळीस ओळी आणि एक लोकरी मोजा

२ मार्च

मालवाहू यान आज सुटलं. रिकामी डबडी, मळके कपडे, वापरलेल्या गाळण्या, असा चार महिन्यांचा कचरा पोटात घेऊन ते मागे मागे सरकत गेलं आणि समुद्रावरच्या उजेडात ठिपका होऊन मिटलं. खिडकीशी मी एकटाच होतो. कचराच तो, पण घरातलं माणूस गाडीत बसवून परत फिरावं तसं वाटलं.

आम्ही तिघं. रोदिओन आमचा कमांडर, वय एक्केचाळीस, कमी बोलणारा. झुल्फिया कझानची, डॉक्टर, आणि तिचं तोंड एक मिनिट मिटत नाही. आणि मी, वेनियामिन अर्काद्येविच. साठ पूर्ण. चौथी आणि शेवटची फेरी. दोघं मला नुसतं 'अर्काद्येविच' म्हणतात, गावाकडे वडीलधाऱ्यांना वडिलांच्या नावानं हाक मारतात तसं. झुल्फिया लाडात आली की 'आजोबा'.

मी इथे का आलोय ते एकदा लिहून ठेवतो. आठ वर्षांपूर्वी मी स्थानकाच्या बाहेरच्या कठड्याला एक चौकट टांगली होती. तिच्यात चोवीस कुप्या, प्रत्येकीत बार्लीचे दाणे, शेवाळाचे बीजाणू. एवढी वर्षं उघड्या अवकाशात राहून त्यातलं काय जगतं, हा प्रश्न. मे महिन्यात रोदिओन आणि मी बाहेर जाऊन ती चौकट आत आणणार. मीच टांगली, मीच उतरवणार. यासाठी वैद्यकीय मंडळापुढे दोन वर्षं दंड थोपटले. ते एकदा झालं की खुशाल म्हातारा होईन.

आज आणखी एक गोष्ट केली. माझ्या झोपायच्या कपाटात, म्हणजे पिशवी भिंतीला बांधून जिथे आम्ही उभ्याउभ्याच झोपतो तिथे, हवा ओढणारा पंखा अखंड घुरघुरतो. झोपण्याआधी मी शाळेतली एक कविता म्हणतो. दहा कडवी, चाळीस ओळी. व्हेत्लुगा नदीच्या काठच्या आमच्या शाळेत प्रास्कोव्या इग्नात्येव्हना बाईंनी पाठ करून घेतलेली. विसरलं की उभं राहायचं, आठवलं की बसायचं. मोठ्यानं म्हणावी तर पलीकडे दोघं झोपलेली, हळू म्हणावी तर पंखा गिळून टाकतो. म्हणून आज बायकोनं, क्लावानं, विणलेला लोकरी मोजा पंख्याच्या नळीच्या तोंडात खोचला. अहाहा, काय शांतता! नियम मला ठाऊक आहे, नवख्यांना मीच शिकवलाय. इथे उच्छ्वास वर जात नाही, तोंडापुढेच साचून राहतो, म्हणून हवा हलती हवी. पण दोन बोटं फट ठेवली आहे. म्हाताऱ्या छातीला लागते केवढी हवा?

*थांब नावाड्या, पैलतीरी दिवा अजून जळतो आहे,*
*बर्फ फुटले, पाणी चढले, वारा मागे वळतो आहे.*

चाळीसच्या चाळीस म्हणालो. माझा आवाज मीच कितीतरी दिवसांनी ऐकला.

५ मार्च

झुल्फियाचा प्रयोग सुरू झाला. चार वर्षं ती याच्या मागे आहे. लांबच्या मुक्कामात झोप आणि स्मरणशक्ती यांचं काय होतं ते तिला बघायचंय. रात्री गळपट्टीला काडेपेटीएवढं यंत्र लावायचं, ते आसपासची हवा, ऊब, श्वास सगळं टिपतं. सकाळी ती बारा शब्द वाचून दाखवते, वीस मिनिटांनी विचारते.

आज माझे अकरा आले. रोदिओनचे दहा.

"कमांडर, आजोबांनी तुम्हाला चितपट केलं," ती म्हणाली.

"त्यांच्या काळी पाठांतराला छड्या होत्या," रोदिओन म्हणाला. "आमच्या काळी नुसते गुण."

"छड्या नव्हत्या," मी म्हणालो. "बाई नुसत्या बघायच्या. छडी परवडली असती."

नंतर दोन तास पट्ट्यावर धावलो. दोर खांदे खाली ओढतात म्हणून पाय टेकतात. खालून आफ्रिका गेली, अरबस्तान गेला, मी तिथल्या तिथेच.

१३ मार्च

सकाळी कपाळ ठणकतं. आठ दिवस रोजचंच. जेवणाच्या सुमारास उतरतं.

कवितेचं चौथं कडवं सापडत नाही. नावाडी वल्हं टाकतो इथपर्यंत येतो, पुढे धुकं. तिसऱ्या इयत्तेतलं बाक आठवतं, त्यावर कुणीतरी कोरलेली होडी आठवते, बाईंच्या शालीला येणारा धुराचा वास आठवतो. ओळी तेवढ्या नाहीत.

डोकेदुखीचं झुल्फियाला सांगितलं नाही. सांगितलं की ते तिच्या कागदावर जाणार, कागद खाली जाणार, आणि खालचे लोक साठ हा आकडा बघूनच अर्धा निकाल देतात.

२२ मार्च, रविवार

क्लावाशी बोलणं झालं. आठवड्याला अर्धा तास मिळतो आणि पहिल्या दहा मिनिटांतच आमचं बोलणं संपतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्यातली किती मी घरी होतो हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, हेच मला जास्त लागतं.

"काकडीची रोपं खिडकीत ठेवली आहेत," ती म्हणाली. "छपराचा पत्रा वाजतोय. दुरुस्तीला शेजारच्या पेत्याला बोलावलंय."

"येईल ना तो?"

"येईल म्हणतो. तू कसा आहेस?"

"झकास."

ती पडद्याजवळ आली. "वेन्या, तोंड कसं सुजल्यासारखं दिसतंय तुझं."

"इथे सगळ्यांचंच सुजतं गं. रक्त डोक्याकडे चढतं."

"ते मला ठाऊक आहे, चौथ्यांदा बघतेय. हे तसलं नाही. नीट झोपतोस ना? झडप उघडी ठेवून?"

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीतही खिडकीची वरची छोटी झडप उघडी ठेवून झोपायची पद्धत. मी इतका हसलो की रोदिओन डोकावून गेला. "क्लावा, इथली झडप उघडली तर मी थेट तुझ्या काकड्यांवर येऊन पडेन!"

ती हसली नाही. मग वेळ उरला म्हणून आम्ही गप्प बसून राहिलो. तिच्या मागे किटली वाजत होती. तीही ऐकून घेतली.

३० मार्च

आज लाज वाटेल असं झालं. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची नळी बदलताना दोन तोंडं उलटसुलट जोडली. हे काम मी डोळे मिटून केलंय, तेही एकदा नव्हे. रोदिओननं पाहिलं, काही न बोलता नळ्या काढल्या, नीट लावल्या. "नवीन खुणा फिक्या आहेत," एवढंच म्हणाला. खुणा ठळक होत्या.

सकाळच्या बारा शब्दांतले पाच आले होते. उद्यापासून काय करायचं ते मी ठरवलंय. झुल्फिया वाचते तेव्हा मी पाठमोरा तरंगत असतो, चहाची पिशवी भरत. तळहातावर पेन्सिलीनं बारा अक्षरं मावतात.

लिहायलाही हात धजत नाही. पण वही तरी खोटी नको.

६ एप्रिल

तळहातावरच्या अक्षरांनी आज नऊ शब्द दिले. बाकी तिन्हींची अक्षरं दिसत होती, शब्द आठवत नव्हते.

झोपेतून उठलो की आपण कुठे आहोत हे कळायला वेळ लागतो. माझे वडील शेवटी शेवटी असेच दाराकडे बघत बसायचे, आणि आई विचारायची, "कोणाची वाट बघताय?" तर म्हणायचे, "आठवलं की सांगतो." तेव्हा ते पासष्टचे होते. मला वाटलं होतं, माझ्याकडे अजून पाच वर्षं आहेत.

मे चौदाला चौकट आणायची आहे, तोवर टिकलं पाहिजे. फक्त चौदापर्यंत. मग कोणी काहीही म्हणो.

१२ एप्रिल

आमचा सण, अंतराळवीरांचा दिवस. खालून भाषणं, गाणी, शुभेच्छा. माझ्या गावच्या शाळेशी दृक्संपर्क ठेवला होता. तोच वर्ग, खिडकीतून तीच नदी, फक्त बाक नवे. आताच्या बाई तरुण आहेत. त्या म्हणाल्या, "वेनियामिन अर्काद्येविच, तुम्ही याच वर्गात 'नावाडी' शिकलात म्हणे. आमच्यासाठी म्हणाल?"

म्हणायला लागलो. तीन कडवी खणखणीत गेली. चौथं हवंच होतं, ते नव्हतंच. सरळ पाचव्याला हात घातला तर तेही निसटलं. माझ्यासमोर तीस चेहरे, आणि माझं तोंड उघडं. मला खरोखर वाटलं की आता उभं राहावं. पण इथे उभं कसं राहणार? इथे कुणी उभंही नसतं, बसलेलंही नसतं.

रोदिओननं ध्वनिक्षेपक माझ्या हातून घेतला. "मुलांनो, आवाज तुटतोय आमचा, उपग्रह मावळला. उरलेली कविता तुमच्या बाईंकडून ऐका, त्यांना जास्त चांगली येते!" तिकडे हशा पिकला. संपर्क अजून सात मिनिटं होता.

नंतर आम्ही मासळीचा डबा फोडला, पाव खाल्ला. कुणी त्यावर अक्षर काढलं नाही. सांत्वन केलं असतं तर बरं झालं असतं.

१३ एप्रिल

झुल्फिया माझ्याजवळ आली, भिंतीच्या पट्टीत पाय अडकवून समोरासमोर थांबली. तिचा नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

"अर्काद्येविच, खरं सांगा. डोकं दुखतं का?"

"नाही."

"झोप?"

"लहान बाळासारखी."

"सकाळी तुम्ही नऊ शब्द सांगता आणि मग दिवसभर पाना कुठे ठेवला ते विसरता. हे मला जुळत नाही." ती म्हणाली, "माझ्याकडे इतर कामांचेही आकडे आहेत, बटण दाबायचा वेग, चुका. सगळे उताराला लागलेत. रोदिओनचे नाहीत, माझे नाहीत. तुम्ही आमच्यात साठीचे एकटे."

"मग?"

"मग मला लिहावं लागेल की साठीनंतर एवढा मुक्काम मेंदूला झेपत नाही. माझी इच्छा नाही, पण आकडे तेच सांगतात. लोक त्यावरून नियम करतील."

मी विचारलं, "आणि मे?"

"मेचं मी अजून काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. मग विषय बदलावा तशी म्हणाली, "तुमचं गळपट्टीचं यंत्रही बिघडलंय. कार्बन डायऑक्साइड आमच्या सहापट दाखवतंय. एवढ्यात तर उंदीरसुद्धा चक्कर येऊन पडेल. आज माझं तुम्ही लावा, तुमचं मी लावते."

१५ एप्रिल

दोन रात्री अदलाबदल झाली. माझं 'बिघडलेलं' यंत्र तिच्या गळ्यात अगदी शहाण्यासारखं वागलं. तिचं चांगलं यंत्र माझ्या गळ्यात सहापट.

"कमाल आहे," ती म्हणाली. "दोन्ही यंत्रांना तुमचाच राग का? ही नोंदच गाळून टाकते. शंकास्पद."

मी कपाटात आलो. दार ओढलं. मोजा बघितला. दोन बोटांची फट कुठेच नव्हती. पंख्यानं ओढून ओढून लोकर नळीत गच्च बसवली होती, बाटलीच्या बुचासारखी. किती दिवसांपासून, देव जाणे. बाहेर काढताना दोन्ही हात लागले.

पंखा पुन्हा घुरघुरू लागला. कानांना तो इतका गोड कधी लागला नव्हता.

१७ एप्रिल

डोकं दुखत नाही!

चौथं कडवं आज दात घासताना आलं. बोलावलं नव्हतं, आपणहून आलं, लांबच्या प्रवासाहून येणारं माणूस दार न वाजवता आत यावं तसं. मग पाचवं, आठवं. झोपताना पंख्याच्या आवाजात चाळीस ओळी म्हणालो. मला ऐकू आल्या नाहीत, पण होत्या. सकाळी तळहात कोरा ठेवला आणि बारापैकी अकरा शब्द सांगितले. झुल्फियाची भुवई वर गेली.

मी म्हातारा झालेलो नाही. म्हणजे झालोय, पण तसा नाही. वडिलांसारखा दाराकडे बघत बसायला अजून अवकाश आहे. मोजा पिशवीत खोल ठेवून दिला. कुणालाच कळणार नाही. मे चौदाला मी बाहेर जाईन, कठड्याची ती वळणं अजून माझ्या हातांना पाठ आहेत.

१९ एप्रिल

दोन दिवस स्वतःशीच वकिली करतोय.

कुणाचं काय बिघडलं? माझं डोकं दुखलं, माझीच ओळ हरवली. पण झुल्फिया शंकास्पद म्हणून हवेचे आकडे गाळणार आणि स्मृतीचे ठेवणार. तिची चार वर्षं एका मोज्यावर उभी राहणार. पुढे कुणी साठीचा माणूस मंडळापुढे जाईल, त्याच्यापुढे तिचा कागद सरकवला जाईल, आणि तो बापडा घरी जाईल. कशामुळे, तर वेनियामिन अर्काद्येविचला कविता म्हणायची होती.

सांगितलं तर मे गेला. हेही मला लख्ख दिसतंय.

दुपारी झुल्फिया फ्रीजमध्ये रक्ताच्या नळ्या लावत होती. मी मोजा घेऊन गेलो.

"हे काय, मला भेट?" ती म्हणाली. "एकच?"

"हे तुझं बिघडलेलं यंत्र."

सगळं सांगितलं. मोजा, फट, डोकेदुखी, तळहात. चहाच्या पिशव्यांमागे लपून लिहिलेली बाराबारा अक्षरं. ती ऐकत राहिली. तिच्या हातातून एक नळी सुटून हळूहळू गोल फिरत राहिली, तिनं ती पकडलीसुद्धा नाही.

"सात आठवडे," ती म्हणाली. "अर्काद्येविच, तुम्ही माझे सात आठवडे खाल्लेत."

"हो."

"आणि मूर्खासारखे मेला असतात! झोपेतच! मी सकाळी दार उघडलं असतं आणि..." ती पाठ वळवून फ्रीजशी लागली. मग नाक ओढत म्हणाली, "पण हवेचे आकडे गाळले नाहीत अजून. साचलेल्या हवेत माणसाचं काय होतं, याचे एवढे स्वच्छ आकडे कुणाकडेच नसतील. मुद्दाम कुणी असं करून घेईल का? एवढं वेड कुणाला लागलेलं नसतं."

२० एप्रिल

रोदिओननं मला स्थानकाच्या टोकाला नेलं, तिथे पंपाचा आवाज असतो, बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नाही.

"मी खाली कळवलंय," तो म्हणाला. "बाहेर माझ्याबरोबर झुल्फिया येईल."

"तिनं मला तंदुरुस्त लिहिलंय," मी म्हणालो. "आजचे बाराही शब्द बरोबर होते."

"माहीत आहे मला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "अर्काद्येविच, नळ्या उलट जोडल्यात ते मी त्याच दिवशी विसरलो. डोकेदुखीही विसरलो असतो. पण बाहेर गेल्यावर मी तुम्हाला विचारणार, पोशाखातला दाब किती, आणि तुम्ही जे सांगाल त्यावर दोघांचा जीव. तिथे तुमचा तळहात मला दिसत नाही."

त्यानं माझ्या खांद्याला हात लावला, तो धीर द्यायला की निघताना आधार घ्यायला, ते वजन नसलेल्या जागी कळत नाही.

३ मे

झुल्फियाला चौकटीच्या अटकावण्या शिकवतोय. डावी आधी, मग वरची, जोर लावायचा नाही. तिचे हात चपळ आहेत. माझ्या हातांना हेवा वाटतो, पण ते शिकवतात.

क्लावाला सांगितलं. मला वाटलं, झडपेवरून टोमणा मारेल. ती म्हणाली, "मग त्या दिवशी तू आत एकटाच?" हो म्हणालो. "काम असेल ना तुला काही?" असेल म्हणालो. तिनं मान हलवली. बाकी वेळ आम्ही तसंच बसलो.

१४ मे

चौकट आत आली. चोवीसच्या चोवीस कुप्या शाबूत. हे आधी लिहून टाकतो, कारण मला लिहायचंय ते त्याआधीच्या तासाभराबद्दल.

ती दोघं पोशाख चढवून बाहेर पडायच्या हवाकोठीत. त्यांच्या आणि माझ्या मध्ये बंद दार. कोठीतली हवा काढताना अर्ध्यावर थांबायचं आणि दहा मिनिटं आतल्या माणसानं आपल्या बाजूचा दाबाचा काटा बघायचा. काटा उतरला तर मधलं दार गळतंय. मग बाहेरचं दार उघडायचं नाही.

काटा उतरला. दोन रेघा.

हे सांगितलं की हवा परत भरायची, दार उघडून बघायचं, सगळं पहिल्यापासून. पोशाखातला प्राणवायू मोजका. वेळ गेला तर बाहेर जाणं रद्द, चौकट राहिली ती राहिली, आणि ती आणायला पुन्हा कुणाला कधी पाठवतील याचा भरवसा नाही. दोन रेघा. डोळेही चुकू शकतात.

"अर्काद्येविच, काटा?" कानात रोदिओन.

"उतरतोय. दोन रेघा."

"नक्की?"

"नक्की. उघडू नकोस."

झुल्फियानं तिच्या तातारी भाषेत काहीतरी हासडलं. हवा भरली, मी दार उघडलं. रबराच्या कडेला पोशाखाचा एक सुटलेला धागा चिकटला होता, पापणीएवढा. तो चिमटीत धरून दोघांना दाखवला. काचेमागे त्यांचे चेहरे घामानं निथळलेले. दार पुन्हा लावलं.

पुन्हा अर्ध्यावर थांबलो. एव्हाना आम्ही जमिनीच्या संपर्काबाहेर गेलो होतो. खालच्या लोकांना आमचे आकडे दिसायला चाळीस मिनिटं होती, आणि तेवढं थांबलो असतो तर आजचा दिवस संपला असता. नियम 'थांबा' म्हणत नाही, 'जा' असंही म्हणत नाही. कमांडरवर सोडतो.

मी काट्यासमोर. आजूबाजूला एवढं रिकामं स्थानक आणि त्यात मी एकटा. दहा मिनिटं पापणीला पापणी लागू दिली नाही. कानात त्या दोघांचे श्वास, एक जड, एक भरभर.

"अर्काद्येविच?"

"स्थिर. दहा मिनिटं जागचा हलला नाही."

श्वास. पुन्हा श्वास. मी वाट बघत होतो की तो 'नक्की?' विचारेल. किंवा म्हणेल, खालच्यांची वाट बघू.

"झुल्फिया, कडी धर," रोदिओन म्हणाला. "उघडतोय."